विमानातलं घड्याळ

"जुळ्या बहिणी आल्यात ना? मग वर या, वर या! लाजायचं काय त्यात?" वकील दातारांनी माईकवरून पुकारा केला, आणि अख्ख्या मैदानाने माना वळवून आमच्याकडे पाहिलं.

शरयू लगेच उठली. पदर सारखा केला, हसली, आणि दोन खुर्च्यांच्या मधून वाट काढत निघालीसुद्धा. मी बसून राहिले. शेवटी आईने कोपराने ढोसलं. "ऊठ गं गोदे. लोक वाट बघतायत."

मिरजेत आमच्या शाळेच्या मैदानावर दर मे महिन्यात व्याख्यानमाला व्हायची. संतवाङ्मय, राजकारण, कुणाचं तरी हिमालयातलं प्रवासवर्णन, असं ठरलेलं असायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच विज्ञान आलं. पुण्याहून डॉ. श्रीनिवास घैसास आले होते आणि विषय होता 'प्रकाशाचा वेग'. मी त्याच शाळेत पंधरा वर्षं विज्ञान शिकवत होते. कमिटीने मला कधी बोलायला विचारलं नाही. वक्त्यांसाठी तांब्या-भांडं भरून ठेवायला मात्र आठवणीने विचारायचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी रोज अनुभवत होते.

घैसास पस्तिशीचा, उंच, आवाज असा की ऐकत राहावं. तासभर त्याने मैदान खिशात घातलं होतं. आगगाडी, तिच्यावर पडणारी वीज, गाडीतल्या माणसाच्या हातातला टॉर्च, सगळं करून तो जुळ्यांच्या गोष्टीवर आला होता. दोन जुळ्या बहिणी. एक घरी राहते, दुसरी प्रचंड वेगाच्या यानातून लांब जाऊन परत येते. परत आलेली तरुण असते आणि घरची म्हातारी. एवढं ऐकल्यावर दातार वकिलांना राहवेना. आमच्या गावात खऱ्याखुऱ्या जुळ्या आहेत, एक तर परवाच अमेरिकेहून विमानाने आलीय, असं सांगून त्यांनी आम्हाला स्टेजवर उभं केलं.

घैसासने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही आंधळी नव्हते, त्याला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. शरयूचे केस कापलेले, काळेभोर. रंगवलेले होते. ती बाटली आमच्या मोरीतल्या फळीवर होती, म्हणून मला माहीत. पण मैदानाला कुठे माहीत होतं? माझे अर्धे पिकलेले, चष्मा जाड, आणि पाठीला खडू-फळ्याचा बाक.

"बघा!" घैसास हात पसरून म्हणाला. "सिद्धांताला आणखी काय पुरावा पाहिजे?"

मैदान असं हसलं की लाउडस्पीकर खरखरला. आई पण हसली, खाली खुर्चीत बसून. ती गंमत होती हे मला कळत होतं. पण मागच्या रांगांनी ती गंमत म्हणून घेतली नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या, त्यात पहिलीच होती, 'सारखं विमानाने हिंडलं तर आयुष्य वाढतं का?'

"तिकीट परवडलं तर!" घैसास म्हणाला. पुन्हा टाळ्या.

असं नसतं हो, असं नसतं. मी तिथेच, त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि मला नीट उत्तर येत होतं. मला कुणी विचारलं नाही. समारोपाला दातार वकील म्हणाले, "तात्पर्य काय, तर जगात सगळंच सापेक्ष आहे." आणि घैसासने हसून मान डोलावली.

मी शरयूवर आधीपासूनच जळत होते, हे इथे सांगून टाकते. आता साठी उलटून गेली, लपवून कुणाचं भलं होणार आहे? मी तिच्यापेक्षा काही मिनिटांनी मोठी. पहिली म्हणून मला आजीचं नाव मिळालं, गोदावरी. तिच्यासाठी वडिलांनी हौसेने शरयू शोधून काढलं. तिथूनच अन्याय. अमेरिकेतलं स्थळ मोठीला बघायला म्हणून आलं, आणि धाकटीला पसंत करून गेलं. चेहरा आमचा तोच, तीळसुद्धा जवळपास त्याच जागी. मग त्याला तिच्यात काय जास्त दिसलं, हे मी पुष्कळ वर्षं आरशात शोधत होते.

पण ते जुनं झालं होतं. या वेळी ती जे न्यायला आली होती ते वेगळंच होतं. ती आईला न्यायला आली होती. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. कागदपत्रं झाली होती, तिकीट काढलेलं होतं, मुलांची एक खोली रिकामी करून तिथे आईचे देवसुद्धा कुठे ठेवायचे ते ठरलं होतं. वडील गेल्यापासून अकरा वर्षं त्या घरात आई आणि मी, दोघीच. सकाळी मी शाळेत जाताना ती दारात उभी राहायची, आणि संध्याकाळी मी आले की आधी कुणाच्या वर्गात काय झालं ते ऐकून घ्यायची आणि मगच चहा टाकायची. ती गेली असती तर मी कुणाला काय सांगणार होते?

आई ना हो म्हणत होती ना नाही. "बघू" म्हणायची. आणि बघू म्हणत म्हणत तिने बाजारातून लोकरीचे मोजेही आणले होते. ते मोजे मी पाहिले होते. तरी 'आई, जाऊ नकोस' असं मी म्हटलं नाही. जिला जायचंय तिला कशाला धरून ठेवायचं? मीही आठल्यांचीच मुलगी होते, नाक वरच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू आणि मी आंबे पिळत बसलो होतो. वक्त्याचं दुपारचं जेवण गावातल्या एकेका घरी असायची पद्धत होती, आणि त्या दिवशी मान आमचा होता. खरं तर तो जोशींकडे होता. शरयूने कालच्या कार्यक्रमानंतर पुढे होऊन स्वतःच बोलावून टाकलं होतं.

"गोदा, रागावलीस का कालच्यावरून?"

"मी कशाला रागावू?"

"तुझं नाक लाल झालं होतं. माझंही तसंच होतं, मला कळतं." तिने कोय बाजूला टाकली. मग हळूच म्हणाली, "आईला अडवू नकोस."

"मी अडवलंय का?"

"तोंडाने नाही. पण तू अशी घुम्यासारखी बसलीस की तिला पाऊल उचलवत नाही. अकरा वर्षं तुला मिळाली, गोदा. एकटीला. माझ्या मुलांना आजी म्हणजे फोनमधला आवाज. आता माझी पाळी."

"आई म्हणजे काय झोपाळा आहे का, पाळीपाळीने बसायला?"

"नाही ना? मग तू का उतरत नाहीस?"

 तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला, आणि मी एक आंबा असा पिळला की रस तिच्या साडीवर उडाला. मी माफी मागितली नाही.

दुपारी घैसास वेळेवर आले. बाहेरच्या खोलीत टेबलाशी ते, शरयू आणि मी बसलो, आई वाढत होती. घैसासांना आमरस आवडला, पुऱ्या आवडल्या, शरयूची अमेरिका तर फारच आवडली. तिथली विद्यापीठं, तिथली थंडी, दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की मी पुरीचा पदर नि पदर सुटा करून खात बसले होते. शेवटी शरयू म्हणाली, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हो आमच्या आईला. तिकीट तयार आहे आणि ही नुसती बघू-बघू करते."

घैसास आईकडे वळले. "का हो काकू? विमानाची भीती वाटते?"

आईने त्यांच्या वाटीत रस वाढला आणि डाव हातात धरून उभी राहिली.

"भीती नाही. पण काल तुम्हीच सांगितलंत ना, विमानातून जाणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं म्हणून?"

"सांगितलं खरं. म्हणजे त्या यानाबद्दल."

"यान काय नि विमान काय, दोन्ही उडतातच. मग मी जाणार विमानातून, तिकडे राहणार, आणि इकडे ही गोदा आपली म्हातारी होत राहणार. उद्या परत आले तर लेक आईपेक्षा म्हातारी! कालच बघितलं ना सगळ्या गावाने, एवढ्याशा प्रवासात दोघींत किती फरक पडला तो? नको गं बाई. लेकीने आईच्या पुढे जाणं अभद्र असतं. मी काही येत नाही."

शरयू हसायला लागली. "अगं आई, असं नसतं ते!"

"असं कसं नसतं? एवढे शिकलेले गृहस्थ सांगतायत."

"डॉक्टर, सांगा ना."

घैसासांनी गंभीर चेहरा केला. "काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. विमानातलं घड्याळ मागे पडतं हे लोकांनी खरोखर मोजलंय. मी काय बोलणार?"

"अहो, पण..." शरयूचं हसू ओसरलं. तिने आईकडे पाहिलं. आई शांतपणे पुरीचं ताट पुढे करत होती. "म्हणजे तू खरंच येणार नाहीस?"

आईने तिच्या ताटात एक पुरी ठेवली. माझ्या छातीत एकदम मोकळं मोकळं वाटलं. राहतेय. कशामुळे का असेना, आई राहतेय. मी पुढची पुरी घेतली आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला तिची चव लागली.

तेवढ्यात घैसासांना, बहुधा विषय बदलावा म्हणून, माझी आठवण झाली.

"आणि बाई, तुम्ही शाळेत काय शिकवता? मराठी?"

"विज्ञान शिकवते ती," शरयू म्हणाली.

"अरे वा! शाळेचं विज्ञान म्हणजे मजा असते. बेडूक, गांडूळ, लोहचुंबक. हे सापेक्षतेसारखं डोक्याला ताप देणारं नसतं काही."

मी पुरी खाली ठेवली.

"मागे नाही पडत, पुढे जातं," मी म्हटलं.

"काय?"

"घड्याळ. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानातलं मागे पडतं. शरयू इथून युरोपवरून जाते, म्हणजे पश्चिमेकडे. त्या विमानातलं पुढे जातं. पृथ्वी स्वतःच फिरतेय आणि विमान उंचावरून उडतंय, दोन्ही गोष्टी धरायला लागतात. तुम्ही काल त्या सांगितल्या नाहीत. जाणं-येणं दोन्ही मिळवलंत तर शरयू माझ्यापेक्षा तरुण नाही झाली. झालीच असेल तर कणभर म्हातारी झालीय."

हे वाक्य म्हणताना मला काय सुख झालं ते सांगता येणार नाही. घैसासांचा घास हातातच राहिला. तिथेच थांबले असते तर बरं. पण कालपासून सगळं घशाशी आलं होतं.

"आणि तो फरकही केवढा? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढासुद्धा नाही. पापणी लवायला त्याच्या लाखपट वेळ लागतो. तेव्हा विमानाने कुणी तरुण होत नाही नि मागे राहिलेलं कुणी म्हातारं होत नाही. दुसरं, आयुष्य वाढतं का म्हणून विचारलं तर तुम्ही तिकिटाचा विनोद केलात. नाही वाढत. कितीही वेगाने जा, जाणाऱ्याला स्वतःचं घड्याळ नेहमीसारखंच चालताना दिसतं. भूक नेहमीच्या वेळेला लागते, झोपही तशीच येते. त्याच्या पदरात एक दिवससुद्धा जास्तीचा पडत नाही. आणि तिसरं, दातार वकील म्हणाले सगळंच सापेक्ष आहे, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. सगळं सापेक्ष नाही. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखा. उभे राहा, पळा, आगगाडीत बसा, तो हटत नाही. तो हटत नाही म्हणून तर बिचाऱ्या वेळेला हटावं लागतं. तिथूनच सगळी गोष्ट सुरू होते, आणि काल नेमकी तीच राहिली."

बोलून झालं तेव्हा मला धाप लागली होती.

घैसासांनी हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले आणि चक्क मला नमस्कार केला. "बाई, काल तुम्हाला मी नुसतं उभं केलं. बोलवायचं तुम्हाला होतं. यातला शब्द नि शब्द बरोबर आहे."

माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हटलं नव्हतं. शरयूच्या देखत, आईच्या देखत. कान गरम झाले माझे.

"ऐकलंस ना आई?" शरयू ताडकन उठली. "मी नाही म्हणत, डॉक्टर नाही म्हणत, तुझी गोदाच म्हणतेय! काहीएक फरक पडत नाही. आता तरी चल!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग शरयूकडे. "हं," ती म्हणाली. "गोदा म्हणते म्हणजे तसंच असणार." आणि रसाचं पातेलं उचलून आत गेली.

मी रिकामी ताटली घेऊन मागोमाग गेले. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेले.

"कसं सांगितलं मी?"

"छान सांगितलंस." ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "फार छान. आता मला जायला लागणार."

"का? कळलं नाही का तुला नीट? मी पुन्हा सांगते, हे बघ..."

"गोदे." ती वळली. "विमानात बसून कुणी तरुण होत नाही, एवढं मला कळत नाही होय? तसं असतं तर विमान चालवणारे लोक दुधावर असते."

मी ताटली धरून तशीच उभी राहिले.

"मग तू मघाशी..."

"शरूला तोंडावर नाही म्हणवत नाही मला. पोर एवढ्या लांबून आलीय. तिच्या मनात लहानपणापासून आहे की मी तुझी जास्त. तिला कुठल्या तोंडाने सांगू, बाई, मला तुझ्याकडे नको, मला गोदाजवळ राहायचंय? कुणाच्याच अंगाला लागणार नाही असं काहीतरी निमित्त मला पाहिजे होतं. त्या बापड्याने काल ते आयतं दिलं. खुळी म्हातारी आहे, नाही समजत तिला, म्हणून शरू हसली असती आणि गेली असती. त्यालासुद्धा कळलं असावं बघ. कसं सांभाळून घेत होता."

"मला आधी सांगायचंस!"

"तुला? तू एकदा तरी म्हणालीस, आई राहा म्हणून? ते मोजे आणले तेव्हा तरी म्हणशील असं वाटलं होतं. तुझं आपलं नाक वर."

बाहेर शरयूचा आवाज येत होता, आनंदाने भरलेला. मी ताटली मोरीत ठेवली. 

"मी जाते. आत्ताच्या आत्ता सांगते, मी चुकले म्हणून."

"येईल तुला?" आईने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी बाहेर गेले. उभ्या आयुष्यात फळ्यावर एक चुकीचं सूत्र मी लिहिलं नव्हतं. टेबलाची कड धरली आणि म्हटलं, "माझं चुकलं. मी जरा घाईत बोलले. फरक पडतो. बराच पडतो. आईचं बरोबर आहे, तिने जाऊ नये."

शरयूने डोळे मोठे केले, आणि मग मोठ्याने हसली. "बघा डॉक्टर! ही लहानपणापासून अशीच. जिंकली की घाबरते."

"घाबरत नाही. आई, आईने इथेच राहावं असं..." मला पुढचं म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण घैसास उठून उभे राहिले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा कळवळा होता.

"छे छे, बाई, माझ्यासाठी माघार घेऊ नका. मला वाईट वाटेल म्हणून म्हणताय, कळतंय मला. चूक माझी होती, मी काकूंची गंमत करत होतो. तुम्ही बसा. बसा तुम्ही."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. एक वाटी मधोमध ठेवली, ती पृथ्वी. लिंबाची फोड घेतली, ते विमान. आणि ती फोड वाटीभोवती आधी इकडून, मग तिकडून फिरवत ते माझंच म्हणणं मला समजावून सांगू लागले. मी "अहो, ऐका तरी" म्हणत होते. ते ऐकत नव्हते. इतक्या आदराने माझ्याशी कुणी कधी वागलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही जमलं म्हणून. मग तिने तोंड फिरवलं.

"शरू, तिकीट कधीचं म्हणालीस?"

शरयू धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. आईच्या खांद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता, आणि तो हसत होता. असा मी कधी हसले होते का, मला आठवेना. आईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, सावकाश, वरून खाली.

"म्हणजे बघा बाई," लिंबाची फोड खाली ठेवत घैसास म्हणाले, "तुमचंच बरोबर."